वाळवी आणि वनस्पती अर्क: पावसाळ्यानंतरचा अपडेट

मंडळी, पाऊस ओसरला, त्यामुळे सगळ्या खुंट्या उपटून बघितल्या, आता सविस्तर टाकतो. नवीन मेंबर्ससाठी थोडक्यात सांगायचं तर आमचं परस सिंधुदुर्गात, जांभ्याची लाल माती, आणि आंब्याच्या कलमांना आधाराला काठी लावली की वाळवी त्याच काठीवरून चढून सालीला भिडते. म्हणून पॅकिंगच्या हलक्या लाकडाच्या एकाच मापाच्या खुंट्या केल्या, प्रत्येकीला वेगळा अर्क लावला आणि कलमांच्या ओळीत अर्ध्या पुरल्या, एक तुलनेला तशीच कोरी ठेवली.

कोरीची तर पार वाट लागली. वरून मातीचा पातळ गिलावा, नखाने खरवडला की पापुद्रा सुटतो आणि आतून पांढुरक्या कामकरी वाळव्या सैरावैरा पळतात, लाकडाचा मऊ भाग सगळा फस्त, मधल्या कडक रेषा तेवढ्या उभ्या.

निंबोळी अर्क नेहमीचाच, ५ टक्के: अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, एकूण १० लिटर करायचं आणि वर साधारण २० ग्रॅम साबणाचा चुरा. यातलं अझाडिरॅक्टिन कीटकाची खाण्याची इच्छा मारतं आणि कात टाकणं बिघडवतं, पण उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी कायम संध्याकाळी. बुंध्याभोवती ताजा ओतला की काही दिवस फरक दिसतो, पण खुंटीवर कोकणातल्या पावसात त्याचा काही टिकाव लागला नाही, कोरीपेक्षा थोडी बरी एवढंच म्हणेन.

दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, महिनाभर कुजवून होतो, मावा-तुडतुड्याला मी वापरतोच, पण वाळवीसाठी एवढा खटाटोप करू नका असं माझं स्पष्ट मत.

करंज तेल मात्र खरंच चांगलं. घाण्याचं तेल, लाकूड कडकडीत वाळवून दोन हात दिले, मधे एक दिवस सुकू दिलं. गंमत बघा, वाळवीने तेलाचा थर खाल्लाच नाही, त्याच्यावरून मातीची नळी बांधत थेट वरच्या टोकापर्यंत गेली आणि उन्हाने तडकलेल्या फटीतून आत शिरली. त्यामुळे कापलेली टोकं नुसती ब्रशने रंगवू नका, तेलात उभी बुडवून ठेवा, तिथून लाकूड सगळ्यात जास्त पितं.

पण पहिला नंबर काजूच्या टरफलांच्या तेलाचा! खुंटी जशी पुरली तशीच निघाली, मातीचा कणसुद्धा चिकटलेला नाही. आपल्याकडे जुन्या घरांच्या वाशांना आणि होड्यांना हे लावायचेच. त्यातलं अनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल जहाल असतं, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा उततो तसेच हातावर फोड येतात, तेव्हा जाड ग्लोव्हज घालूनच काम करा आणि खुंटी पूर्ण सुकल्याशिवाय कलमाजवळ नेऊ नका. (आंबाही त्याच कुळातला, पण कोवळ्या सालीला हे तेल लागू देऊ नका.)

आता मुख्य गोष्ट, जी मला या सगळ्यातून पटली. या अर्कांनी वाळवी लाकडापासून लांब राहते, वारूळ मरत नाही. राणी जमिनीत खोलवर असते, तिथपर्यंत आपला अर्क पोचतच नाही. कुंपणापलीकडच्या वारुळावर यंदाही अळंबी उगवली, म्हणजे वाळवी आत खाण्यासाठी जी बुरशी वाढवते ती शेती मस्त चालू आहे, आणि मला ते वारूळ मोडायचंही नाही, कारण बागेतला वाळका पाला-काटक्या तीच मंडळी मातीत मिसळतात. आपल्याला फक्त काठी आणि कलम वाचवायचंय, तेवढ्याला तेल पुरेसं आहे. घरात चौकटीला किंवा छपराला लागली असेल तर मात्र नुसत्या अर्कावर विसंबू नका.

पुढच्या खेपेला सीताफळाच्या बियांचा अर्क घेणार आहे. मराठवाड्यातल्या कोणी लाकडावर वापरून बघितलाय का, प्रमाण काय ठेवलं ते सांगा. बिया कुटताना चष्मा लावाच, ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.