तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं कॉम्प्युटरच करतो ना?

तारकागुच्छांवरचं व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. कधी कॉलेजातली मुलगी विचारते, कधी बँकेतून निवृत्त झालेले काका. "लाखो ताऱ्यांच्या गर्दीतून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे शोधायचं काम आता कॉम्प्युटरच करत असेल, मग तुम्ही नेमकं काय करता?" तिथे मी दोन वाक्यांत उरकतो, कारण आयोजकांचा डोळा घड्याळावर असतो. इथे जरा सविस्तर सांगतो.

शोधायचं काम कॉम्प्युटर करतो, हे खरंच आहे. पण कुठेतरी प्रकाश बदलतोय हे कळणं वेगळं, आणि तो नेमका कोणाचा हे ठरवणं वेगळं. माझा वेळ जातो तो या दुसऱ्या कामात.

एम ३ हा श्यामशबल तारकासमूहातला बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट, गोलाकार पुंजका) घ्या. त्यात दोनशेहून जास्त रूपविकारी तारे माहीत आहेत, त्यातले बहुतेक आरआर लायरी जातीचे, म्हणजे एका दिवसाच्या आत ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारे. कडेचे तारे सुटे दिसतात, पण मध्यभागी एकेका ठिपक्यात तीन-चार तारे मिसळलेले असतात. अशा ठिकाणी एकेका ताऱ्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) मोजत बसण्यापेक्षा वजाबाकी बरी. १९९८ मध्ये अलार आणि लप्टन या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलेली ही पद्धत आता सगळेच वापरतात. सगळ्यात स्वच्छ रात्रीची प्रतिमा संदर्भ म्हणून घ्यायची, इतर प्रत्येक रात्री हवेमुळे ठिपके जितके फुगले असतील तितकी ती मुद्दाम धूसर करायची आणि त्या रात्रीच्या प्रतिमेतून वजा करायची. स्थिर तारे पुसले जातात. उरतात ते काही काळे-पांढरे डाग. शिवाय प्रखर लाल राक्षसी ताऱ्यांच्या जागी वेडीवाकडी कडी उरतात, ती ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

(अशा कामाच्या प्रतिमा लडाखमधल्या हानलेच्या २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही घेतल्या जातात. म्हणून कुणी थंडीत कुडकुडत बसत नाही; निरीक्षक बंगळुरूजवळच्या होसकोटेहून दुर्बीण चालवतात.)

आता डागाच्या जागी संदर्भ प्रतिमेत दोन तारे चिकटून असले तर? दोघांचेही प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचे आलेख) काढले की दोन्ही बदलताना दिसतात. आवर्तकाल (एका चढउताराला लागणारा वेळ) तोच, आकार तोच, फक्त एकाचा चढउतार कमी. यादीत दोन नवे तारे घालायचा मोह होतो. प्रत्यक्षात एकाचाच प्रकाश दुसऱ्याच्या मापात सांडलेला असतो. म्हणून डागाचा केंद्रबिंदू काढायचा आणि तो कोणत्या ताऱ्यावर पडतो ते पाहायचं. हे काम अर्ध्या विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) हिशेबात चालतं.

बरं, खरा तारा सापडला तरी शेजारी पिच्छा सोडत नाही. समजा तारा एका प्रतीने बदलतो आणि त्याच्या किमान तेजाइतकाच तेजस्वी, स्थिर शेजारी त्याच्यात मिसळलाय. मग चढउतार एका प्रतीचा न दिसता जेमतेम ०.६ प्रतीचा दिसतो. सरासरी तेजही वाढून दिसतं, आणि त्यावरून अंतर काढलं तर तारा आहे त्याहून जवळचा वाटतो.

इथे आवर्तकालाचा घोळ येऊन मिळाला की खरी मजा. ०.६ दिवसाचा तारा तीन दिवसांत पाच फेऱ्या पुऱ्या करतो, ०.३७५ दिवसाचा आठ. रोज रात्री त्याच वेळी पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. पहिला आरआरएबी जातीचा, झपकन चढणारा आणि रेंगाळत उतरणारा. दुसरा आरआरसी, कमी चढउताराचा आणि गोलसर वळणाचा. शेजाऱ्याने चढउतार दाबलेला असला की एबी चक्क सी म्हणून खपून जातो. कॉम्प्युटर दोन्ही आवर्तकाल पुढे ठेवतो. वक्राची चढती बाजू किती उभी आहे ते पाहून मी निवडतो, आणि शंका असेल तर दुसऱ्या रेखांशावरच्या, म्हणजे वेगळ्या वेळी रात्र असणाऱ्या ठिकाणच्या, दुर्बिणीची निरीक्षणं शोधतो.

ही ए, बी, सी वर्गवारी (एबी म्हणजे ए आणि बी मिळून) अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सोलन बेली यांची. पेरूतल्या अरेकिपा इथे घेतलेल्या काचेच्या पट्ट्यांवरून त्यांनी ओमेगा सेंटॉरी या बंदिस्त गुच्छातल्या ताऱ्यांचं काम केलं, ते १९०२ मध्ये छापून आलं. पुढे कॅनडातल्या हेलन सॉयर हॉग यांनी सगळ्या बंदिस्त गुच्छांमधल्या रूपविकारी ताऱ्यांची यादी १९३९, १९५५ आणि १९७३ अशी तीनदा केली, आणि ती क्रिस्टीन क्लेमेंट यांनी पुढे चालवली. माझ्या मते हे काम कुठल्याही नव्या शोधाइतकंच मोठं. जुन्या नोंदींत ताऱ्याची जागा गुच्छाच्या केंद्रापासून इतक्या विकला पूर्वेला, इतक्या उत्तरेला अशी दिलेली. केंद्र कोणतं धरलं यात थोडा फरक पडला की दाट भागात बोट भलत्याच ताऱ्यावर पडतं. मग जुना नकाशा नव्या प्रतिमेशेजारी ठेवून एकेक ओळख पटवायची. एखादा तारा बदलतच नाही असं सिद्ध झालं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. चाळीतली खोली रिकामी राहिली म्हणून पुढच्या खोल्यांचे नंबर कुणी बदलत नाही, तसंच.

घरून करता येईल का, असंही विचारतात. येतं. ८ इंची दुर्बीण, बऱ्यापैकी कॅमेरा आणि शहराबाहेरचं आकाश हवं. एप्रिल-मे महिन्यांत एम ३ महाराष्ट्रातून डोक्याजवळ येतो. त्यातले आरआर लायरी साडेपंधराव्या प्रतीच्या आसपासचे. कडेचे निवडा, मधल्या भागाकडे पहिल्या वर्षी फिरकू नका. आणि वेळ जागतिक वेळेतच नोंदवा. साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर आवर्तकाल बरोबर येईल, पण शिखराची वेळ कुणाशीच जुळणार नाही.