मोट: फाइल आणि सर्व्हिसची डिपेंडन्सी कशी नोंदवायची

‘मोट’ हा माझा छोटा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा प्रोग्राम. एखाद्या सॉफ्टवेअरला आणखी काय काय लागतं, म्हणजे त्याच्या डिपेंडन्सी, नोंदवण्याचं काम त्यात आता आकार घेतंय. चाचणीला खरंखुरं सॉफ्टवेअर आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांच्या कारखान्यात चादरी-टॉवेलांसाठी मराठी लेबलं छापणारा प्रोग्राम. त्याला पायथन, देवनागरी फाँट आणि छपाईची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) लागते. पायथनचं लगेच आटोपलं.

फाँटवर बराच खल केला. थेट फाइलचा पत्ता लिहिणं हा पहिला पर्याय. आरपीएममध्ये (फेडोरासारख्या लिनक्सची पॅकेज-पद्धत) तसं चालतं. पण तिथल्या रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या कोठाराच्या) मुख्य मेटाडेटात, म्हणजे माहितीच्या यादीत, ईटीसी, बिन अशा मोजक्याच फोल्डरांतल्या फाइली असतात. बाकीसाठी वेगळी, बरीच मोठी यादी उतरवावी लागते. फेडोरा ४० पासून तर डीएनएफ हा तिथला पॅकेज मॅनेजर ती आपणहून उतरवत नाही. शिवाय पत्ते बदलतात. २०१२ साली फेडोरा १७ मध्ये बिनमधलं सगळं यूएसआर-बिनमध्ये गेलं आणि जुन्या पत्त्यांसाठी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारी खूण) ठेवावी लागली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनं फाइलवरची डिपेंडन्सी ठेवलेलीच नाही.

मला पटलेला मार्ग आरपीएमच्या फाँटांमध्येच सापडला. फाँटचं पॅकेज बांधतानाच फाइल तपासून तो कोणकोणत्या भाषांना पुरतो हे आपोआप नोंदलं जातं. मग ‘लोहित देवनागरी’ असं नाव न घेता ‘मराठी चालणारा फाँट’ एवढंच मागायचं. उद्या मामांनी दुसरा फाँट पसंत केला तरी पॅकेजला हात लावायला नको. मोटमध्ये आता ‘पुरवतो’ची (पॅकेज काय देतं त्याची) ओळ बांधणीच्या वेळी फाइलवरूनच निघते. हातानं लिहिलेल्या याद्यांवर माझा विश्वास नाही, त्या शिळ्या होतात.

सर्व्हिसचं कोडं याहून खोल आहे. कप्स (छपाईची सर्व्हिस) बसवलेलं असणं वेगळं, चालू असणं वेगळं आणि आपल्या आधी चालू झालेलं असणं आणखी वेगळं. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीनं हे फार नीट ओळखलंय: ‘रिक्वायर्स’ गरज सांगतं, ‘आफ्टर’ क्रम, एक लिहिलं म्हणून दुसरं येत नाही. कारखान्यात प्रिंटर ऑफिसातल्या मशीनला जोडलाय. पॅकिंगच्या टेबलावरच्या मशीनला कप्सची क्लायंट लायब्ररी पुरते, डेमन, म्हणजे सतत चालणारी सर्व्हिस, लागतच नाही. म्हणून लायब्ररी ‘मागतो’मध्ये (हवीच) आणि डेमन ‘शिफारस’मध्ये, डेबियनच्या रेकमेंड्ससारखा: एरवी बसेल, पण काढला तरी काही मोडणार नाही. सर्व्हिस चालू आहे का, हे पॅकेज मॅनेजरनं बघूच नये, असं माझं ठाम मत झालंय. बसवताना चालू होती ती लाइट जाऊन आल्यावरही चालू असेल कशावरून? ते प्रोग्रामनं बघावं: छपाई मिळेपर्यंत लेबलं रांगेत ठेवावीत.

आता सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टमचं एसएमएफ (तिथली सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) वाचतोय. त्यात सर्व्हिसला दुसऱ्या सर्व्हिसवर, तसंच फाइलवरही अवलंबून राहता येतं आणि ‘सगळे हवेत’, ‘एक तरी हवा’ असे गट करता येतात. ‘एक तरी’ मला हवंच आहे: इथला डेमन किंवा नेटवर्कवरचा. अडचण सॉल्व्हरची, म्हणजे कोणती पॅकेजं बसवायची ते ठरवणाऱ्या भागाची. पर्याय आणि विरोध एकत्र आले की ही निवड एनपी-कम्प्लीट (झटपट सुटण्याची खात्री नसलेली) होते, आणि माझा सॉल्व्हर अजून साधं बॅकट्रॅकिंग करतो, म्हणजे एकेक पर्याय घेऊन बघतो आणि अडला की मागे येतो. लिबसॉल्व्ह ही तयार सॉल्व्हर लायब्ररी एखाद्या छोट्या प्रकल्पात कुणी जोडली असेल, तर मेमरी किती खाते ते कळवा. पॅकिंगचं मशीन जुनं आहे.