फ्रीमेसन होण्याआधीची रखडपट्टी : माझा अनुभव

गुप्तता वेगळी आणि ढिलाई वेगळी. फ्रीमेसनरी ही गवंडीकामाच्या रूपकांतून आणि विधींतून माणूस घडवू पाहणारी बंधुसंस्था, आणि तिची एकेक शाखा म्हणजे लॉज. १७१७ साली लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अशा लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली, तेव्हापासून फ्रीमेसन मंडळींना गुप्ततेचा सराव आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गुप्ततेच्या नावाखाली खपवल्या जाणाऱ्या ढिलाईची. आज मी तिन्ही पदव्या, म्हणजे दीक्षेच्या तिन्ही पायऱ्या, घेतलेला मेसन आहे, लॉजवर माझा जीव आहे, तरी प्रवेशाआधीचे ते महिने आठवले की अजून डोकं तापतं. "आत्मशोधासाठी फ्रीमेसनरी कशी आहे हो?" असं हल्ली बरेच जण विचारतात. त्यांना उत्तर देतो, पण आधी हे बोलून घेतो.

मी या वाटेला का गेलो ते थोडक्यात. इगतपुरीचं विपश्यना शिबिर करून झालं होतं, ज्ञानेश्वरीचं पारायण झालं होतं, पहाटेचं ध्यान चालू होतं. डोळे मिटून बसलो की मी शांत. डोळे उघडून स्वयंपाकघरात गेलो की गॅस कुणी चालू ठेवला यावरून आवाज चढलेला. बायको एकदा म्हणाली, "तुमच्या ध्यानाचा आम्हाला फार फायदा होतो. तेवढा वेळ तुम्ही गप्प असता." तेव्हापासून डोक्यात बसलं की चार माणसांत राहून स्वतःला घासायची काही रीत असेल तर ती बघावी.

आमच्याच सोसायटीत एक निवृत्त कर्नल राहतात. महिन्यातून एका संध्याकाळी काळा सूट घालून, हातात चपटी ब्रीफकेस घेऊन ते निघायचे. एकदा लिफ्टमध्ये विचारलंच. म्हणाले, "आम्ही आपणहून कुणाला या म्हणत नाही. तुम्ही विचारायची वाट बघत होतो." मग त्यांनी स्वच्छ सांगितलं. हा धर्म नाही, इथे गुरू नाही, मोक्षाचं आश्वासन नाही. एका परमशक्तीवर श्रद्धा हवी, तिला तुम्ही काय नाव देता हे कुणी विचारणार नाही. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ मांडलेले असतात, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण या विषयांवर वाद घालायला बंदी. आमच्या घराण्यात या दोन विषयांशिवाय चहाचा कप संपत नाही, त्यामुळे मला तिथेच निम्मं पटलं.

अर्जाला दोन सदस्य लागतात, एक नाव सुचवणारा आणि एक अनुमोदन देणारा. कर्नलसाहेब सूचक झाले, त्यांच्या ओळखीचे एक पारशी गृहस्थ अनुमोदक. नाव, वय, व्यवसाय, पूर्वी कुठे अर्ज केला होता का, फोटो, सही. आणि एक रकाना : तुम्हाला सदस्य का व्हायचं आहे? मी तिथे एकच शब्द लिहिला, आत्मसाक्षात्कार.

मग कमिटीसमोर बोलावणं आलं. तीन ज्येष्ठ मंडळी, समोर बिस्किटं. पहिले प्रश्न ठरलेले : देवावर विश्वास आहे का, घरच्यांची संमती आहे का, वर्गणी भरून संसाराला ओढाताण होणार नाही ना, धंद्यातल्या ओळखी वाढवायला तर येत नाही ना. (हे प्रश्न तुम्हालाही विचारतील. नास्तिक असाल तर तिथे आस्तिकपणाचं नाटक करू नका, पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे.) मग त्यातल्या एकांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "याच्यासाठी आश्रम असतात की. इथे का?" मी म्हटलं, "एकट्याने बसायला मला जमतं. माणसांत बसायला जमत नाही." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकांनी कागदावर काहीतरी टिपलं. "कळवतो," म्हणाले.

कळवलं नाही.

पुढचा टप्पा असा असतो की उमेदवाराचं नाव मीटिंगच्या छापील समन्समध्ये, म्हणजे बोलावण्याच्या पत्रात, येतं, ते समन्स सगळ्या सदस्यांना जातं, कुणाला हरकत असेल तर त्यांनी सांगायची. नंतर भर लॉजमध्ये गुप्त मतदान, पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांचं. मोजक्या काळ्या गोट्या पडल्या तरी नाव बाद, कारण विचारायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की माझं नाव समन्समध्ये कधी येणार. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "कमिटीकडे आहे." पुढच्या महिन्यात, "प्रोसेसमध्ये आहे." मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. मग नवीन मास्टरचा, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचा, पदग्रहण समारंभ आला. तो वर्षातून एकदाच असतो आणि ती अख्खी मीटिंग त्यातच जाते. "नवे मास्टर बसले की बघू." नवे मास्टर बसले. त्यांच्याबरोबर सेक्रेटरीही नवे आले, आणि त्यांनी माझं नाव स्पेलिंगसकट विचारून घेतलं, तिथेच खरं तर मला संशय यायला हवा होता.

कर्नलसाहेबांना विचारावं तर ते शिस्तीचे. "कमिटीचं काम कमिटी करते. आपण मध्ये पडायचं नाही." ऑफिसातल्या एका मित्राने वेगळाच अर्थ काढला. त्याचं म्हणणं, हे लोक तुझी परीक्षा बघतायत, पूर्वी गुरू नाही का शिष्याला दाराबाहेर ताटकळत ठेवायचे! आणि मला ते पटलं की हो! म्हणजे नुसतं पटलं नाही, मला त्या थांबण्याचा अभिमान वाटायला लागला. मनात मी कल्पना करत होतो की लॉजच्या बंद दारामागे तिघे वृद्ध माझ्या त्या एका शब्दावर विचार करतायत, हा माणूस तयार आहे का, अजून पिकायचा आहे का.

याच काळात वाचनही बरंच झालं, तेवढा एक फायदा. मुंबईतले माणेकजी कर्सेटजी यांची हकिगत तेव्हाच वाचली. हे पारशी गृहस्थ. त्या काळी इथल्या लॉज युरोपियनांच्या, त्यांनी यांना दार उघडलं नाही. माणेकजींनी थेट पॅरिस गाठून तिथे दीक्षा घेतली. मग १८४३ साली जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, ती भारतीय लोकांना प्रवेश मिळावा म्हणूनच. ते वाचून मला वाटायचं, माणेकजींना निदान 'नाही' असं उत्तर तरी मिळालं होतं.

शेवटी पारशी काकांनी तोंड उघडलं. त्यांना कसल्याच शिस्तीचं ओझं नव्हतं. एका संध्याकाळी फोन आला, "अरे बाबा, तुझा फॉर्म मिळाला!" म्हटलं, मिळाला म्हणजे? हरवला होता? तर झालं होतं असं : जुन्या सेक्रेटरींनी मुलाखतीनंतर अर्ज आपल्या ब्रीफकेसमध्ये टाकला. प्रत्येक मेसनकडे अशी चपटी ब्रीफकेस असते, त्यात विधीच्या वेळी बांधायचा ॲप्रन, हातमोजे, पदाचा पट्टा. पद सोडल्यावर त्यांनी रजिस्टर, चेकबुक, शिक्के सगळं नव्या सेक्रेटरींच्या हवाली केलं, ब्रीफकेस घरी कपाटावर गेली, आणि ॲप्रनच्या घडीखाली माझा आत्मसाक्षात्कार पडून राहिला. कमिटीने शिफारस मुलाखतीच्या दिवशीच केली होती. "योग्य उमेदवार", दोन शब्द, खाली तीन सह्या.

आणि यावर नवे सेक्रेटरी काय म्हणाले? "फॉर्मला चुरगळ्या पडल्यात आणि फोटोही निघालाय, नवीन भरून द्या." सॉरी नाही, काही नाही. मी म्हटलं, इतके महिने मला कुणी एका ओळीने का सांगितलं नाही? त्यावर गंभीर चेहरा करून, "ब्रदर, आपल्याकडे काही गोष्टी उघड बोलत नाहीत." मी तेव्हा ब्रदर झालोही नव्हतो! मेसनरीत गुप्त ठेवायच्या गोष्टी म्हणजे ओळखीच्या खुणा आणि शब्द. अर्ज कुठल्या टेबलावर आहे ही त्यातली गोष्ट नाही. हे मी त्यांना तेव्हा बोललो नाही, नंतर एका मीटिंगच्या जेवणात बोललो, आणि टेबलावरचे सगळे हसले, ते सोडून.

दुसरा अर्ज भरला. रकान्यात तोच शब्द लिहिला, अक्षर थोडं मोठं काढून.

त्यानंतर सगळं भराभर झालं. समन्समध्ये नाव आलं, मतदान झालं, दीक्षेची तारीख मिळाली. आमच्या गावात लॉजच्या इमारतीला जुने रिक्षावाले भूतबंगला म्हणतात, तिथे सूट घालून उतरलो. एक सूचना : बोटातली अंगठी घट्ट असेल तर आदल्या रात्री साबण लावून काढून ठेवा. दीक्षेआधी अंगावरचा सगळा धातू उतरवतात, पैसे, घड्याळ, किल्ल्या सगळं. मोजे न फाटलेले घाला, का ते कळेलच. विधी इंटरनेटवर शोधून वाचू नका. मी वाचला नव्हता, त्याचं मला आजही बरं वाटतं.

एक प्रसंग मात्र सांगतो, तो सगळीकडे छापलेला आहे. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर नव्या माणसाला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. आपल्याकडे ईशान्येला देवघर. मेसनरीत इमारतीची कोनशिला बसवायची जागा ती, आणि ती कोनशिला म्हणजे तुम्ही. मग तुमच्यापुढे गरजूंसाठी दान मागतात. मी सवयीने खिशाकडे हात नेला. खिशात काही नव्हतं, सगळं बाहेर काढून ठेवलेलं. सगळी लॉज बघतेय आणि माझ्याकडे द्यायला रुपया नाही. "देण्यासारखं काही आहे का?" "नाही." हा शब्द मी त्या आवाजात याआधी कधी उच्चारला नव्हता. देवळाच्या दारात सुटे नाहीत म्हणून पुढे सरकणारा मी, नुसत्या त्या एका प्रश्नाने घामाघूम झालो.

यानंतरचं काम पाठांतराचं. दुसऱ्या पदवीआधी काही प्रश्नोत्तरं तोंडपाठ म्हणावी लागतात, जुन्या वळणाच्या इंग्रजीत. मराठी माध्यमातल्यांनी घाबरू नये, अथर्वशीर्ष पाठ केलेल्या माणसाला ते जड जात नाही. स्कूटरवर म्हणा, हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही.

आणि अवजारं. पहिल्या पदवीत गवंड्याची तीन अवजारं देतात : चोवीस इंची पट्टी, हातोडा, छिन्नी. ओबडधोबड दगड म्हणजे आपण, हातोड्याने त्याचे कंगोरे उडवायचे. हे ऐकायला ठीक आहे, कीर्तनातही ऐकलेलं असतं. मला भिडली ती पट्टी. चोवीस इंच म्हणजे चोवीस तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडचणीतल्या मित्राला, पण स्वतःच्या घराचं नुकसान न करता. घरी येऊन कागदावर माझ्या दिवसाचे तुकडे पाडले. प्रार्थनेला भरपूर, कामाला भरपूर. मित्राच्या खात्यावर शून्य. इतक्या वर्षांच्या साधनेत हा हिशोब मला कुणी मागितला नव्हता, मीही मांडला नव्हता.

विवेकानंदही मेसन होते असं सांगून काही जण नवख्याला भारून टाकतात. खरं आहे, १८८४ साली कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथांनी दीक्षा घेतली. पण तोवर ते रामकृष्णांना भेटले होते, आणि त्यांची वाट दक्षिणेश्वरला ठरली, लॉजमध्ये नव्हे. लॉज तुम्हाला समाधी देणार नाही. ती तुम्हाला महिन्यातून एकदा निरनिराळ्या धर्मांच्या, निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांबरोबर ठरलेल्या जागी उभं करेल, ठरलेले शब्द बोलायला लावेल आणि नंतर जेवायला बसवेल. माझ्यासारख्याला तेच औषध होतं. ज्याला एकांत हवा त्याने इगतपुरीलाच जावं.

राहिलेलं सांगतो. ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी ही वेगळी शाखा, ॲनी बेझंट यांनी ती भारतात रुजवली, आणि आत्मिक अर्थावर तिथे जास्त भर असतो. जोडीने जायचं असेल तर तिथे चौकशी करा. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, ॲप्रन आणि दर मीटिंगच्या जेवणाचे पैसे आधीच विचारून घ्या, विचारण्यात कमीपणा नाही. तिसऱ्या पदवीबद्दल मला विचारू नका, सांगणार नाही. मरणाचा विषय असतो एवढंच. आणि अर्जाची झेरॉक्स काढून त्यावर पोच घ्या. सेक्रेटरी कपाळाला आठ्या घालतील, घालू देत.