वाटेवरचं पोस्ट

पोस्टात जायचं म्हणून कुणी मुद्दाम घराबाहेर पडत नाही. माणूस भाजीला निघतो, दळण टाकतो आणि जाता जाता पासबुक भरून घेतो. पोस्टाचं सगळं माहात्म्य त्या ‘जाता जाता’मध्ये आहे.

इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं. टपाल आगगाडीनं यायचं, म्हणून मुंबईचं मुख्य पोस्ट, जीपीओ, बोरीबंदरला खेटून बांधलं. जॉन बेग यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून आखलेली ती इमारत १९१३ साली पुरी झाली. घुमटाखाली उभं राहिलं की पाच रुपयांचं तिकीट घ्यायला आलेला माणूसही दरबारात अर्ज घेऊन आल्यासारखा दिसतो.

माझा जीव मात्र जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या पोस्टांत. लोखंडी जाळी, वाळलेला डिंक, सुतळीला बांधलेलं पेन (चालणारं असेल तर ते कुणीतरी नुकतंच विसरलेलं) आणि खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’चा कागद. तो कागद वाचून कुणी चिडत नाही. उद्या भाजीला यायचंच असतं.

गिरण्या चालू होत्या तेव्हा पगार झाला की गिरणगावातल्या पोस्टांत मनीऑर्डरीसाठी रांगा लागत. कोकणातल्या कितीतरी चुली त्या खिडक्यांवर पेटायच्या. पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या माणसाला पोस्ट वाटेतच लागायचं, नाहीतर त्यातले किती पैसे गावापर्यंत पोचले असते कोण जाणे. वाटेत इतरही बरंच काही लागायचं. १९८२च्या संपानंतर त्या रांगा आटल्या.

खेड्यात शाखा डाकघराला जागा शाखा पोस्टमास्तरनंच द्यायची असते, आणि ती गावात मध्यवर्ती हवी अशी अट असते. म्हणून तिकडे पोस्ट कुणाच्या तरी पडवीतही थाटलेलं दिसतं. गावाला जमतं ते मुंबईला जड जातं, कारण इथली पडवीसुद्धा चौरस फुटांवर विकली जाते.

आमच्या उपनगरातलं पोस्ट ज्या इमारतीत होतं ती रिडेव्हलपमेंटला गेली आणि पोस्ट ‘तात्पुरतं’ हललं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडे, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अंतर एवढं थोडं की रिक्षावाला येत नाही आणि सत्तरीच्या गुडघ्यांना ते एवढं थोडं वाटत नाही. मासिक उत्पन्न योजनेचं व्याज आणायला जाणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “दुप्पट भाडं देते म्हटलं की येतो रे रिक्षावाला. पण मग व्याज त्याचं आणि दमणं माझं.”

हल्ली सगळं मोबाइलवर होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मोबाइलवर सगळं होणाऱ्या माणसाचं आधारवरचं नाव चुकलं की तोही पोस्टातल्या आधार केंद्रावर बोट टेकवायला रांगेत उभा असतोच.

आपल्या प्रत्येकाच्या पत्त्यात तर एक पोस्ट दडलेलं आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. त्यातले शेवटचे तीन आकडे टपाल वाटणाऱ्या पोस्टाकडे बोट दाखवतात. त्याआधीही मुंबईत विभागांचे आकडे होतेच. दादरचे जुने लोक अजून पत्ता सांगताना ‘मुंबई २८’ म्हणतात. पोस्ट हललं तरी आमचा आकडा तोच राहिला, फक्त तो बोट भलतीकडे दाखवायला लागला.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर बँक येते, सोनार येतो, मोमोवाला येतो. एक गाळा पोस्टाला परवडेल अशा भाड्यानं ठेवायला काय हरकत आहे? बिल्डरला उपकार म्हणून नव्हे, मंजुरीची अट म्हणूनच सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा-दवाखान्यांसाठी आरक्षण ठेवतो, तसंच हे.

हे मी आमच्या सोसायटीच्या सभेत बोललो. आमचीही फाइल बिल्डरकडे आहे. खजिनदार हसले. “अहो, पोस्टात आता जातं कोण?”

प्रश्न चुकीचा नव्हता. पोस्ट लांब गेल्यापासून अर्ध्या सोसायटीचे पोस्टातल्या बचतीचे हप्ते आरडीवाल्या ताईच भरून येतात. कोपऱ्यात बसलेल्या ताईंनी पिशवीत हात घातला आणि खजिनदारांना विचारलं, “काका, तुमचं पासबुक आत्ता देऊ की हप्ता भरून आल्यावर?”