टॉवेलमधलं सोयाबीन

27 जूनला सकाळी साडेसहाला मी इंदूरच्या रामबागेतल्या घरात फरशीवर मांडी घालून सोयाबीनचे दाणे मोजत बसलो होतो. सांवेरकडे, आमच्या शेताच्या भागात, चार इंच पाऊस होऊन गेला होता. शेजाऱ्यांची बोवनी, म्हणजे पेरणी, आदल्या दिवशीच सुरू झाली होती आणि आमचे सहा बिघे तसेच पडून होते. शेतीचं माझं पहिलंच वर्ष. त्याआधी तेवीस वर्षं विम्याच्या कचेरीत गेली.

बियाणं गावातूनच घेतलं होतं, साठ-साठ किलोची दोन पोती. सोयाबीनला दरवर्षी नवं बी विकत घ्यावं लागत नाही, घरचं चालतं. "पण उगवण पाहूनच पेरा," असं शेताशेजारच्या पटेलांनी बजावलं होतं. दर पोत्यातले शंभर दाणे ओल्या तरटात गुंडाळायचे, चार-पाच दिवस ओल राखायची, मग कोंब मोजायचे. रामबागेत तरट कुठून आणणार? कपाटातले पाहुण्यांचे दोन टॉवेल घेतले, बायकोला न विचारता.

पहिला टॉवेल उलगडला. पांढरे, बोटाच्या पेराएवढे कोंब. 74. सत्तरच्या वर म्हणजे पास.

दुसरा उलगडताना आंबूस वास आला. कितीतरी दाणे फुगून दुभंगलेले, बोटाने दाबले की पिठासारखे होत होते. मोजले, 48. पुन्हा मोजले, तरी 48च.

पटेलांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, पोतं कुठे आपटलं होतं का? आणि मला आठवलं. पिकअपमधून उतरवताना हमाल कशाला म्हणून एक पोतं मीच खांद्यावर घेतलं होतं आणि ते सरळ ओट्यावर कोसळलं होतं. पोतं फाटलं नाही, म्हणून मी खूशही झालो होतो.

"भिया, ये सोयाबीन है, सीमेंट नी है."

सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर सालाच्या लगेच खाली. वरून दाणा ठणठणीत दिसतो, आत मार बसलेला असतो. हे कळायला मला एक अख्खं पोतं लागलं.

मग कागद घेतला. विम्याचे हप्ते काढणारा माणूस, गणिताला काय घाबरणार! चांगलं बी बिघ्याला 19 किलो, म्हणजे तीन बिघे. मार खाल्लेलं 27 किलोप्रमाणे दोन बिघे. सहाव्या बिघ्यासाठी पटेलांनी तुरीचं बी दिलं, पैसे नंतर द्या म्हणाले.

दुपारी सीड ड्रिलवाला, म्हणजे ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावाला, आला. दाणा इंचभरच खोल जाऊ दे, असं त्याला मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने ट्रॅक्टर बंद करून माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर मी बांधावर गप्प उभा राहिलो. पोती मात्र दोघांनी मिळून, तान्हं मूल उतरवावं तशी उतरवली.

रात्री घरी आलो तर दोन्ही टॉवेल दोरीवर वाळत होते. एकावरचे तपकिरी डाग तिसऱ्या धुण्यातही निघाले नाहीत. तो टॉवेल आता शेतावरच असतो.