आईची सही आणि शौचाची वही

आईने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी तिला लिव्हर सिऱ्हॉसिस झाला, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याचा आजार. जुना मधुमेह आणि त्यासोबतचं फॅटी लिव्हर, एवढं त्याला पुरलं. आतड्याचा या आजाराशी काही संबंध असेल हे मात्र माझ्या गावीही नव्हतं.

मग ती दिवसा झोपायला आणि रात्री टक्क जागी राहायला लागली. एका अर्जावर सही करायला दिली, तर अक्षरं एकमेकांवर चढली आणि शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. मला वाटलं, वय झालं. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले, तर ते थांबून थांबून खाली झुकत होते. त्यांनी विचारलं, "शौचाला कधी झाली होती?" तीन दिवस झाली नव्हती. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

यकृताला मिळणारं जवळपास पाऊण रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं. आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात आणि धडधाकट यकृत त्याचा युरिया करून टाकतं. आईचं यकृत थकलेलं, त्यात बद्धकोष्ठ. अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचत होता आणि झोप, सही, हात सगळं बिघडवत होता. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात.

औषध दिलं लॅक्टुलोज, गोडमिट्ट पातळ औषध. ते पचत नाही. मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात, तिथे आम्लता वाढते, अमोनिया तिथेच अडकतो आणि मलावाटे निघून जातो. डोस ठरायचा तो शौचावरून: दिवसाला दोन-तीन वेळा मऊ व्हायला हवी. कमी झाली तर औषध वाढवायचं, पाण्यासारखी झाली तर लगेच कमी करायचं, कारण अंगातलं पाणी घटलं तरी भ्रम वाढतो. आईला हे सगळं फार लाजिरवाणं वाटायचं. वहीत ती मला फक्त रेघा मारू द्यायची, शब्द लिहायचे नाहीत.

मी हौसेने प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल आणून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन नीट पाहिली. म्हणाले, काही अभ्यासांत फायदा दिसलाय, पण लॅक्टुलोजची जागा त्या घेऊ शकत नाहीत. प्रत्येक जिवाणूचा गुण वेगळा, आणि सिऱ्हॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते, तेव्हा विचारल्याशिवाय देऊ नका. डबी बाजूला ठेवली. त्याहून मोठी चूक वेगळीच निघाली. प्रथिनांतून अमोनिया वाढेल या भीतीने मी आईची प्रथिनं तोडली होती. खरं तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान 1.2 ग्रॅम हवीत, कारण स्नायूही अमोनिया पचवतात. रात्री उपाशी झोपवायचं नाही, झोपण्याआधी थोडं खायला द्यायचं, हेही तेव्हाच कळलं.

वहीत आता रेघांशेजारी आई रोज सकाळी सही करते. पहिल्या आठवड्यातल्या सह्या वाचता येत नाहीत. काल तिने सहीखाली ती जुनी वळणदार रेघसुद्धा ओढली.