खोडलेलं दूध

रविवारी दुपारी जेवण अंगावर आलं होतं, तरी लॅपटॉप घेऊन बसले, कारण घरापुरतं जे कॅलेंडर अ‍ॅप बनवलंय त्यात सिंक टाकायचं होतं, म्हणजे माझ्या फोनवर लिहिलं की नवऱ्याच्या फोनवर दिसलं पाहिजे, एवढंच. एवढंच म्हणता म्हणता तिसरा रविवार.

तर मी उडवलेलं 'उद्या दूध नको' परत परत उगवायला लागलं. नवरा गेलेला ताम्हिणीला, तिकडे रेंज नाही, मी इकडे नोंद डिलीट केली, आणि तो पौडपर्यंत आल्यावर त्याच्या फोनने बघितलं की अरे, सर्व्हरवर ही नोंदच नाही, म्हणजे नवीन असणार, दिली वर ढकलून. सोमवारी कोरा चहा. यावर उपाय म्हणजे डिलीट केलेली नोंद पुसायचीच नाही, 'ही गेली' अशी खूण मागे ठेवायची. त्या खुणेला टूमस्टोन म्हणतात. दुधाचं थडगं!

आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असायचं, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. 'गॅस लावला', 'बाई नाही', 'दूध १ लि.' सगळं त्याच्यावर. लहानपणी एकदा मी चुकीचं लिहिलं म्हणून ब्लेडने खरवडलं तर तारखेलाच भोक पडलं, आणि मागच्या पानावरची रेसिपीपण गेली. आईने धपाटा घातला. "एक रेघ मारायची गं! खाली काय होतं ते दिसायला नको? महिनाअखेरीला दूधवाल्याशी भांडू कशी मी?"

बरं, भावालाही अ‍ॅप दिलंय, तो न्यू जर्सीत. आईचा वाढदिवस मी इथल्या रात्री बाराचा धरून युटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत साठवला होता, आपण युटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडे तो आदल्या दिवशीच दिसला आणि याने फोन करून हॅपी बर्थडे म्हणून टाकलं. चूक माझी. आईला काहीच वाटलं नाही. "माझा खरा तिथीनेच, तो हलतोच की." २०२३ला अधिक श्रावण आला तेव्हा तिने निज श्रावणापर्यंत वाट बघितली होती, आणि आमच्या अ‍ॅपमध्ये 'दरवर्षी रिपीट' एवढंच बटण. तिथीच्या भानगडीत मी पडणार नाहीये, सांगून ठेवते.

सिंक आता चालतंय. तरी परवा फ्रिजशेजारी खिळा ठोकून कालनिर्णय लावलं. पेन दुसऱ्याच दिवशी गायब, नवरा म्हणतो मी नाही घेतलं. दोरी कुठे ठेवलीये कोण जाणे.